दादऱ्यावरचं वजन

(पेडणे तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं आटोपशीर करून.)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'बसऱ्याचा मराठा शिपाई : तो मेला कशाने?' विषय मीच दिलेला, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार! पण सातला समोर देवळात भजन आहे, आणि टाळ वाजला की माईक बंद, अशी ताकीद अध्यक्षांनी मला जिन्यातच दिलीय. तेव्हा वेळेत आटपतो. असं मी दर वर्षी म्हणतो.

सुरुवात एका बरणीपासून करू. आपल्याच तालुक्यात एक घर आहे. नाव सांगणार नाही, घरच्यांनी शपथ घातलीय. मागे कुणीतरी बाहेर बोललं, तर जुन्या वस्तू विकत घेणारे दोघे पडवीत येऊन बसले होते. त्या घरी मी गेलो होतो वेगळ्याच कामाला, जुनी दशावताराची वही बघायला. आजींनी पाणी दिलं. कोनाड्यात मिसकुटाची, म्हणजे कैरीच्या लोणच्याची, चिनी मातीची बरणी होती. तोंडाला दादरा बांधलेला, आणि दादऱ्यावर वजन म्हणून तळहातापेक्षा थोडी मोठी, काळपट धातूची चकती पालथी ठेवलेली. फडकं मध्ये होतं हे बरं, नाहीतर लोणचं कळकलंच असतं. मी ती उचलली. आजी ओरडल्या, "आधी हात धुवा!"

हात धुतले. चकती सुलटी केली. एक बाई उभी, डोक्यावर शिरस्त्राण, एका हातात त्रिशूळ. पुढ्यात सिंह. मी विचारलं, "आजी, हे काय?" त्या म्हणाल्या, "देवी. दसऱ्याला कुंकू लावते मी. हिची राखण आहे म्हणून मिसकुटाला बुरशी धरत नाही." आता त्रिशूळ आहे, सिंह आहे, आणखी काय पाहिजे? शिवाय बाईच्या दोन्ही बाजूंना दोन डॉल्फिन आहेत. गोंयकाराच्या घरची देवी, नुस्त्याशिवाय, म्हणजे मासळीशिवाय, कशी असेल!

(हशा)

ती देवी म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटन देशाचं बाईच्या रूपातलं प्रतीक. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी इंग्रज सरकारने पाठवलेली ही कांस्याची चकती. १२ सेंटिमीटर व्यासाची. अशा १३ लाखांहून अधिक काढल्या. लिव्हरपूलच्या कार्टर प्रेस्टन नावाच्या शिल्पकाराने ती घडवली. हे नाव लक्षात ठेवा, कारण आणखी एक कार्टर येणार आहे, वेळ उरला तर. कडेने इंग्रजीत कोरलंय की हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. आणि एका चौकटीत उठावाच्या अक्षरांत नाव, साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं.

आता खरी गंमत. त्या चकतीवर हुद्दा नाही. कर्नल असो, शिपाई असो, नुसतं नाव. माझा सगळा मुद्दा इथे आहे, पण आधी एक आडवाट.

तुम्ही विचाराल, पेडण्याचा माणूस, म्हणजे पोर्तुगालची प्रजा, तो इंग्रजाच्या पलटणीत कसा? सोपं आहे. आजोळ सावंतवाडी संस्थानात. पोरगा तेरेखोल नदी ओलांडून मामाकडे गेला आणि भरतीत पत्ता दिला आजोळचा. १७८८ पर्यंत पेडणं वाडीकरांकडेच होतं. सरहद्द नकाशात होती, सोयरिकीत नव्हती. आणि आपल्याकडे शिपाईगिरीची परंपरा नव्हती असं कुणी म्हणू नये. १८९५ साली इथल्या मराठा सोल्दादांना हुकूम आला, मोझांबिकला चला. त्यांनी साफ सांगितलं, येत नाही. बंदुकांसकट निघाले आणि दादा राण्यांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या बंडाला मिळाले. ते मोडायला लिस्बनहून खुद्द राजाचा भाऊ, दोम अफोंसु, फौज घेऊन आला. यावर मी तासभर बोलू शकतो. अध्यक्ष मान हलवताहेत, ती होकारार्थी नाही. तर ज्या मुलखाने समुद्र ओलांडायला नकार दिला, त्याच मुलखातला पोरगा वीस वर्षांनी आपल्या पायांनी इराकमध्ये बसऱ्याला, इंग्रजांच्या बाजूने तुर्कांशी लढायला गेला. महिना ११ रुपये पगार. घरात नक्की माहीत आहे ते एवढंच, की 'बसऱ्याला वारला'.

आता माझी तक्रार ऐका. इराकमध्ये ज्यांची थडगी सापडली नाहीत त्यांच्यासाठी इंग्रजांच्या युद्धथडग्यांच्या कमिशनने बसऱ्याला मोठं स्मारक उभारलं, १९२९ साली. चाळीस हजारांवर माणसांचं स्मारक. इंग्रजांची नावं कोरली, अगदी साध्या सोल्जराचंही. हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक आकडा, 'आणि इतर अमुक इतके'. हेच कमिशन म्हणत होतं, मेलेल्यांत हुद्द्याचा, वर्णाचा, धर्माचा भेद करणार नाही. दोनच वर्षं आधी, १९२७ मध्ये, फ्रान्समध्ये न्यव शापेलला याच कमिशनने हिंदी शिपायांची हजारो नावं कोरली होती. म्हणजे कोरायला येत होतं! युरोपातला दगड नाव घेतो, बसऱ्याचा दगड मोजदाद करतो. पुढे १९९७ मध्ये सद्दामने ते स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्याला वाळवंटात नेलं. आकडे तिथेही आकडेच राहिले. आणि इकडे त्या शिपायाचं नाव पेडण्यात, मिसकुटावर.

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं.' बरं.

तर तो मेला कशाने. गोळीने मेले ते आहेतच. पण पुष्कळ जण मेले ते रसदीने. नोव्हेंबर १९१५, बगदादजवळची टेसिफोनची लढाई. सहावी पुणे डिव्हिजन, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. चार हजारांवर माणसं जायबंदी किंवा ठार. जखमी नदीपर्यंत आणले ते स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांतून. मग बोटी. बसऱ्याच्या धक्क्यावर मेजर कार्टर, हाच तो दुसरा कार्टर, डॉक्टर, 'मेजिदिये' बोट येताना बघत होता. त्याला लांबून वाटलं बाजूने दोर लोंबताहेत. जवळ आल्यावर कळलं, तो वाळलेला मैला होता. त्याने तोंड उघडलं म्हणून वरिष्ठांनी त्यालाच दरडावलं. १९१७ ला चौकशीचा अहवाल आला आणि भारतमंत्री चेंबरलेनने राजीनामा दिला.

उरलेले कुत-अल-अमारा या गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकले, १४७ दिवस. घोडे कापून खायची वेळ आली, बहुतेक हिंदी शिपायांनी शेवटच्या दिवसांपर्यंत ते तोंडाला लावलं नाही. गोऱ्यांना बेरीबेरी झाला, आपल्यांना स्कर्व्ही. हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, जुनी जखम पुन्हा उघडायची. ताज्या भाजीफळाअभावी होणारा रोग! कैरी, आमसूल, बिंबल यांच्या मुलखातल्या पोरांना. सुटकेसाठी आलेल्या फौजेची २३ हजारांच्या आसपास माणसं मेली वा जखमी झाली, ती कुतपर्यंत पोचलीच नाही. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, सुमारे तेरा हजार कैदी, उन्हातून बगदादपर्यंत आणि पुढे पायपीट, रेल्वेच्या कामाची वेठ...

वाजला टाळ. एक मिनिट.

चकती आज इथे आणायची होती. आजी म्हणाल्या, "पावसाचे दिवस. वजन काढलं तर वारा लागेल." म्हणून कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा काढून आणलाय. फक्त देवीचा आणि सिंहाचा. चौकटीवर मी पेन्सिल फिरवलेली नाही. हा पुढच्या रांगेकडून मागे जाऊ दे. घडी घालू नका, आणि मला परत द्या.