पाणसळ आधी, कापड नंतर

[दृश्य: लातूर, औसा रोड. अर्धवट उचललेलं शटर. आत एक पूल टेबल, वरचा दिवा चालू.]

निवेदन:
लातुरात सकाळी नऊच्या सुमाराला पूल पार्लरचं शटर वर दिसलं, तर आत खेळ नाही, काम चाललंय असं समजायचं. काठीने चेंडू टेबलाच्या भोकांत पाडायचा हा खेळ खेळायला पोरं येतात ती क्लास सुटल्यावर. तोवर हे टेबल उघडायचं, जुनं कापड काढायचं आणि नवं ताणून बसवायचं. मालकाचा हिशेब सोपा आहे. टेबल जितका वेळ बंद, तितकं तासाचं भाडं बुडालं. मिस्त्री मात्र त्या हिशेबात सापडत नाहीत.

मिस्त्री: "मालक, चारला टेबल मागू नका. रातच्याला मागा, ते बी बगू."

[दृश्य: जुन्या हिरव्या कापडावर बोट फिरतंय.]

निवेदन:
मिस्त्री मूळचे सुतार. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी ते जुनं कापड नीट बघून घेतात. जिथे पांढरा चेंडू ठेवून ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, मारतात, तिथे पांढुरके ठिपके आणि रेघा आहेत. क्यूचा, म्हणजे खेळायच्या काठीचा, फटका वरून बसला की चेंडू कापडावर दाबला जातो. त्या घर्षणाच्या उष्णतेने धागा क्षणात भाजतो, आणि तो डाग ब्रशने जात नाही. पलीकडच्या टोकाला, चेंडूंचा त्रिकोण लावतात तिथे, कापडावर खळगे पडलेत. मधला पट्टा काळपट झालाय. त्यात लातूरची धूळ आहे, हाताला लावायची पावडर आहे आणि क्यूच्या टोकाला घासतात तो निळा चॉकही आहे.

हा चॉक फळ्यावरच्या खडूसारखा नसतो. 1897 साली विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स या दोघांनी अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून त्यात वाळूच्या जातीची सिलिका आणि कुरुंदाचे कण असतात. म्हणजे चॉकची भुकटी कापडाच्या विणीत बसली की पॉलिश पेपरचं काम करते. चेंडू वरून फिरत राहतो, खालून धागा झिजत राहतो. पार्लरच्या भिंतीवर 'टेबलावर चहा ठेवू नये' अशी पाटी आहे. 'रोज ब्रश मारावा' अशी पाटी अजून कुठल्या पार्लरात दिसलेली नाही.

[दृश्य: टेबलाखाली आडवे झालेले मिस्त्री. पान्याने बोल्ट सैल होतायत.]

निवेदन:
रबर बसवलेल्या कडेच्या लाकडी पट्ट्यांना रेल म्हणतात. या टेबलाला त्या सहा आहेत. बोल्ट खालून काढले की एकेक रेल सुटी होते. मिस्त्री प्रत्येकीच्या पोटावर खडूने आकडा घालतात, कारण दिसायला सारख्या असल्या तरी त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. मग स्टेपल उपसायचे. हे काम कंटाळवाणं आहे आणि इथेच फसगत होते. स्टेपलचा एखादा पाय तुटून लाकडात राहिला, तर नव्या कापडाखाली त्याचा उंचवटा येतो.

कापड निघालं आणि खाली दगड दिसला. राखाडी, गुळगुळीत स्लेट.

स्लेटच्या आधी बिलियर्ड्सची टेबलं लाकडी फळ्यांची असत आणि फळ्या हवामानाप्रमाणे वाकत. 1826 च्या सुमाराला लंडनच्या जॉन थर्स्टनने स्लेटचं टेबल आणलं. मराठवाड्यात दगडाला तोटा नाही, वेरूळचं अख्खं कैलास लेणं इथल्याच काळ्या पाषाणात कोरलंय. पण तो बसाल्ट, थिजलेल्या लाव्हाचा दगड. त्याच्या सपाट चकत्या निघत नाहीत. स्लेट पापुद्र्यापापुद्र्याने फुटते, आणि तिचा तक्ता घासून हवा तेवढा सपाट करता येतो. या आठ फुटी टेबलाला तिचे तीन तुकडे आहेत. जाडी एक इंच धरली तर एकेकाचं वजन 80 किलोच्या आसपास भरतं.

[दृश्य: स्लेटवर ठेवलेली लांब, जड पाणसळ. आतला बुडबुडा अगदी जवळून. तो मध्यावर नाही.]

निवेदन:
मालकाला वाटतं आता कापड येणार. मिस्त्री काढतात पाणसळ.

गवंड्याची पाणसळ इथे पुरत नाही. भिंतीला चालणारी चूक चेंडूला चालत नाही. फटका जोरात असतो तेव्हा उतार कळत नाही. चेंडू थांबायच्या बेतात आला की शेवटच्या वीतभरात तो हळूच एका अंगाला कलतो, आणि खेळणारा नव्या कापडाला शिव्या घालतो.

टेबल कशाने कललं? ते उभं आहे शहाबादी फरशीवर, फरशीखाली भराव आहे आणि भरावाखाली काळी माती. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया त्या मातीतून खाली मुरमापर्यंत नेला नसेल तर वरची जमीन दर वर्षी थोडी हलते. घराच्या भिंतीला तिरकी चीर पडली की आपण बघतो आणि लिंपून टाकतो. टेबलाचा एक पाय कागदाच्या जाडीएवढा खचला, हे कुणाच्या डोळ्यांना दिसणार?

मिस्त्री आधी पायाखाली पाचर देऊन सगळं टेबल लेव्हलला आणतात. मग स्लेटचे तीन तुकडे एकमेकांशी जुळवतात. त्यासाठी स्लेट आणि लाकडी चौकट यांच्यामध्ये पातळ काहीतरी सरकवायचं असतं. कुणी पत्त्यांच्या कॅटातली पानं वापरतं. यांच्या पेटीत जुन्या लग्नपत्रिका आहेत. पत्रिकेची एक पट्टी कापली, सांध्याजवळ सरकवली, स्क्रू आवळला. मग अंगठ्याचं नख सांध्यावरून आडवं फिरवलं. नख अडलं. पट्टी बाहेर, तिच्याहून पातळ पट्टी आत. पुन्हा नख. सुपारीचं चित्र छापलेला तो कागद आता पुढची काही वर्षं चेंडूंचा भार झेलणार.

[दृश्य: गॅसची लहान ज्योत. वितळलेलं मेण सांध्यात थेंब थेंब पडतंय.]

निवेदन:
सांधे मेणाने भरतात. काही जण गाडीच्या डेंटिंगची पुट्टी भरतात. ती लवकर वाळते आणि कडक होते, पण टेबल हललं की तडकते. आमचे मिस्त्री मधमाशीच्या मेणाचे. ते वितळायला साधारण 62 ते 64 अंश लागतात, त्यामुळे लातूरचा पारा 42 वर गेला तरी पातळ होऊन वाहत नाही. थंड झालं की पातं आडवं धरून ते स्लेटबरोबर तासायचं. दुपारचे दोन वाजलेत आणि कापड अजून गुंडाळीतच आहे. मालक दोनदा येऊन बघून गेले.

मालक: "का करायलाव मिस्त्री, कापड कवा लावायचं?"

मिस्त्री: "खालचं नीट नसलं तर कापड कितीबी भारी आणा, का उपेग?"

[दृश्य: कापड उलगडलं जातंय. धाग्यांची वीण जवळून.]

निवेदन:
पूलचं चांगलं कापड लोकर आणि नायलॉन यांच्या मिश्रणाचं असतं. लोकर म्हटली की आपल्याला घोंगडी आठवते, राठ आणि केसाळ. इथे लोकरीचे आखूड धागे विंचरून काढलेले असतात आणि उरलेल्या लांब धाग्यांचं घट्ट, गुळगुळीत विणकाम असतं. स्नूकरच्या कापडाची गोष्ट वेगळी. 1875 साली जबलपूरच्या छावणीत जन्मलेल्या या खेळाच्या कापडाला लव ठेवलेली असते. ती एका दिशेने, खेळ सुरू होतो त्या टोकाकडून काळ्या चेंडूकडे, बसवावी लागते. पूलच्या कापडाला ती भानगड नाही. सुलट बाजू तेवढी ओळखावी लागते. मिस्त्री कापड दिव्याखाली तिरपं धरतात आणि तळहाताने चाचपतात.

जुनं कापड उलटं करून पुन्हा लावायची टूम काही पार्लरांत आहे. पैसे वाचतात, पण झिजलेला धागा उलटा केला म्हणून नवा होत नाही, आणि एकदा ताणून सैल पडलेलं कापड पुन्हा सगळीकडे सारखं ताणलं जात नाही.

आता ताणणं. सगळ्या बाजूंनी पुरेसं कापड लोंबेल असं ते पसरलं. आधी एक टोक स्लेटखालच्या लाकडाला स्टेपल केलं, मधून सुरुवात करून कोपऱ्यांकडे. मग समोरच्या टोकाला जाऊन दोन्ही मुठींत कापड धरलं आणि अंगाचा भार मागे टाकला. हेल्परने स्टेपल मारला. मग लांब बाजू, तीही मधल्या पॉकेटापासून, म्हणजे भोकापासून, दोन्हीकडे. एक ओढ इकडे, तेवढीच तिकडे. बाज विणणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. एकच दोरी जास्त आवळली की चौकट तिरकी होते, हे त्याला माहीत असतं.

ताण किती द्यायचा, हे कुठल्या मापात सांगता येत नाही. मिस्त्री तळहात कापडावर सपाट ठेवतात आणि पुढे सरकवतात. हातापुढे कापडाची बारीक लाट उठली तर ते सैल आहे. अशा कापडावर चेंडू रेंगाळतो. लाट अजिबात उठली नाही तर पुरे. त्यापुढे ओढण्यात शहाणपण नाही. पोरांना वेगवान टेबल आवडतं, म्हणून काही मालक 'अजून आवळा' म्हणत राहतात. फार ताणलेल्या कापडाची वीण उघडी पडते, चेंडूच्या वाटा लवकर उमटतात आणि पॉकेटाच्या तोंडाशी धागा तुटतो.

[दृश्य: मधलं पॉकेट. कात्रीचं टोक.]

मिस्त्री: "हितं हात कापला नाय पायजे. एक काप जास्त गेला की आख्खं कापड वाया."

निवेदन:
पॉकेटाच्या तोंडावर कापडाला उभे काप देतात, त्या पट्ट्या आत दुमडतात आणि स्टेपल करतात. काप स्लेटच्या कडेच्या अलीकडे थांबला पाहिजे. तो वर आला तर रेल बसवल्यावरही दिसतो आणि तिथूनच कापड उसवायला लागतं. दिवसभर बोलणारे मिस्त्री इथे गप्प आहेत. मालकही.

रेलचं काम त्यामानाने भराभर होतं. रेलच्या वरच्या अंगाला एक खाच असते. कापडाची कड त्या खाचेत धरून वरून लाकडी पट्टी हातोडीने ठोकून बसवायची, मग कापड रबराच्या नाकावरून, म्हणजे पुढे आलेल्या कडेवरून, उलटवून खाली ओढायचं आणि स्टेपल करायचं. इथेही जोर आवरता घ्यावा लागतो, नाहीतर रबर दबतं. या नाकाची उंची चेंडूच्या व्यासाच्या 62.5 ते 64.5 टक्के असावी असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. चेंडू सव्वादोन इंचांचा, म्हणजे नाक साधारण 36 मिलिमीटरवर. ते खाली गेलं तर चेंडू उसळतो, वर गेलं तर कापडात दाबला जातो.

बोल्ट आवळून झाल्यावर मिस्त्री चेंडू हाताने कुशनवर, म्हणजे रेलच्या रबरावर, मारतात आणि कान देतात. पाच रेल खणखणीत बोलल्या. सहावीतून 'थप्प' असा मेलेला आवाज आला. पुन्हा टेबलाखाली. बोल्ट अर्धा फेरा राहिला होता.

[दृश्य: रात्र. दोन मुलं पहिला डाव खेळतायत.]

निवेदन:
पहिला ब्रेक. नव्या कापडावर चेंडू घसरत पळतो, कुशनवरून निघताना नेहमीचा कोन धरत नाही. रोज इथे पैज जिंकणारा पोरगा सोपे चेंडू हुकवतो आणि टेबलाकडे संशयाने बघतो. कापडाचा हा घसरटपणा थोड्या दिवसांत कमी होईल. पावसाळ्यात वेग आणखी उतरेल, कारण लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास 30 टक्के ओल हाताला न जाणवता शोषून घेऊ शकते.

मिस्त्री हत्यारं पेटीत भरता भरता मालकाला सांगतायत. ओलं फडकं लावायचं नाही. ब्रश एकाच दिशेने मारायचा. रात्री टेबल झाकायचं. आणि मृग बरसून माती फुगली की पाणसळ पुन्हा लावावी लागेल, तेव्हा फोन करा.

मालक: "ते ह्याच पैशात ना?"

मिस्त्री: "ह्ये कापडाचे झाले, मालक. पाणसळीचे येगळे."