अक्षरात लपलेलं पाऊल

[दृश्य: पांढरा कागद. शाईत भिजलेला केसांचा कुंचला वरून खाली येतो. टोक कागदाला टेकतं.]

आठ रेघा. हे अक्षर लिहायला एवढ्याच लागतात. उच्चार 'वू'. 'वूशू' या शब्दातलं हे पहिलं अक्षर. चिनी युद्धकला शिकवणाऱ्या कुठल्याही शाळेत गेलात, तर भिंतीवर हे हमखास दिसतं. खाली अर्थ लिहिलेला असतो : युद्ध, पराक्रम.

अर्थ चुकीचा नाही. पण या अक्षराच्या पोटात नेमकं काय आहे, यावर दोन अगदी वेगळी उत्तरं आहेत. आणि त्यांच्यातला सगळा वाद एका पावलाचा आहे.

नीट पाहा. उजवीकडे तिरकी खाली उतरलेली आणि शेवटी वर उसळलेली ही लांब रेघ म्हणजे शस्त्र. प्राचीन चीनमध्ये सैनिक वापरत ते, लांब दांड्याच्या टोकाला आडवं पातं बसवलेलं. आणि त्या शस्त्राच्या कुशीत, डावीकडे खाली, एक लहानसं अक्षर बसलं आहे. त्याचा आजचा अर्थ 'थांबणे'.

शस्त्र, आणि थांबणे.

[दृश्य: पिवळ्या नदीचं गढूळ, रुंद पात्र.]

इ.स.पू. 597. आज ज्याला हनान प्रांत म्हणतात, तिथे पिवळ्या नदीच्या परिसरात बी नावाच्या ठिकाणी मोठी लढाई झाली. चू राज्याचा राजा झ्वांग याने जिन राज्याच्या सैन्याचा धुव्वा उडवला. एका सरदाराने सुचवलं, महाराज, शत्रूची प्रेतं एकावर एक रचू, वर माती लोटू, टेकडी उभारू. पुढच्या पिढ्यांना आपला पराक्रम दिसत राहील. त्या काळी ही रीतच होती.

राजाने नकार दिला. त्याचं म्हणणं इतिहासग्रंथात नोंदलेलं आहे. तुला हे अक्षर कळलंच नाही, तो म्हणाला. शस्त्र थांबवणं म्हणजे 'वू'. मग त्याने 'वू'ची सात कामं सांगितली. हिंसेला आवर घालणं, शस्त्रं म्यान करणं, लोकांना स्वस्थता देणं, प्रजेची भरभराट करणं, अशी ती यादी. यातलं एकही काम मी केलेलं नाही, मग टेकडी कशाची उभारू?

नुकतीच लढाई जिंकलेला राजा हे बोलतो आहे. समोर प्रेतं पडलेली आहेत, आणि तो एका अक्षराची फोड करून सांगतो आहे.

पुढे सुमारे इ.स. 100 मध्ये शू शेन नावाच्या विद्वानाने चिनी अक्षरांचा पहिला मोठा व्युत्पत्तिकोश रचला. 'वू'पाशी आल्यावर त्याने याच राजाचं वाक्य उद्धृत केलं. तेव्हापासून 'शस्त्र थांबवणे' हा अर्थ पाठ्यपुस्तकांत, आखाड्यांत, भिंतीवरच्या तक्त्यांत कायमचा बसला.

[दृश्य: काचेच्या पेटीत कासवाच्या पाठीचा तुकडा. त्यावर कोरलेल्या बारीक खुणा.]

पण शू शेनने हे पाहिलेलं नव्हतं. पाहणं शक्यच नव्हतं, कारण त्याच्या काळी हे जमिनीखाली होतं. आनयांग. हेही हनान प्रांतातच. शांग राजांच्या राजधानीत शकुन पाहण्यासाठी कासवाच्या कवचावर आणि बैलाच्या हाडांवर प्रश्न कोरले जात. ही लेखी हाडं विद्वानांच्या नजरेस पडली 1899 मध्ये. तीन हजार वर्षांहून जुनी अक्षरं.

त्यांत 'वू' आहे. वर शस्त्र, खाली पाऊल. चक्क पाऊल, बोटांसकट. 'थांबणे' हा त्याचा अर्थ पुढे रूढ झाला. हाडांवरच्या लिपीत पावलाचं चित्र आलं की बहुतेकदा कुणीतरी चाललेलं असतं. म्हणजे मुळातला 'वू' हा शस्त्र घेऊन निघालेला माणूस. मोहिमेवरचा.

मग राजा झ्वांग चुकला का? अक्षराच्या जन्मापुरतं पाहिलं, तर हो. पण मला त्याचं वाचन खोटं म्हणवत नाही. त्याच्यानंतर हे अक्षर ज्यांनी ज्यांनी कुंचल्याने लिहिलं, त्यांच्या मनात थांबलेलं शस्त्रच होतं. हात तोच अर्थ लिहीत आला. अडीच हजार वर्षं हातांनी लिहिलेला अर्थ, चित्र पायाचं आहे म्हणून पुसला जात नाही.

[दृश्य: शाळेची वही. मुलाने लिहिलेलं 'वू', त्यात एक जादा तिरपी रेघ. शिक्षक लाल शाईने ती खोडतात.]

एक बारीकशी गोष्ट. 'शस्त्र' हे अक्षर सुटं लिहिलं की त्याच्या दांड्याला एक तिरपा छेद असतो. 'वू'मध्ये आल्यावर ती तिरपी रेघ तिथे राहत नाही. चिनी मुलं सवयीने ती ओढतात आणि शिक्षक खोडतात. चीनबाहेर गोंदवून घेतलेल्या 'वू'मध्येही हीच चूक सापडते, आणि ती खोडता येत नाही.

[दृश्य: सोंग पर्वताच्या पायथ्याचं मंदिर. दारावर काळी पाटी, सोनेरी अक्षरं.]

शाओलिन. पाटीवर तीन अक्षरं आहेत आणि ती उजवीकडून डावीकडे वाचायची. ही सम्राट कांगशीने 1704 मध्ये स्वतःच्या हाताने लिहिली. या नावाचा अर्थ पुष्कळ ठिकाणी 'कोवळं वन' असा दिलेला सापडतो. सुट्या अक्षरांवरून तसा अर्थ काढता येतो, पण नाव तिथून आलेलं नाही. 'शाओ' म्हणजे शाओशी, मागे दिसतो तो डोंगर. 'लिन' म्हणजे वन, आणि ते अक्षर म्हणजे शेजारी शेजारी काढलेली दोन झाडं. शाओशी डोंगरातलं रान. एवढंच, साधं गावरान नाव. 495 मध्ये मंदिर उभं राहिलं ते बातुओ नावाच्या, भारतातून आलेल्या भिक्षूसाठी.

पण मला तुम्हाला दारातून आत न्यायचं आहे, एका शिलालेखापाशी.

621 मध्ये शाओलिनच्या भिक्षूंनी एका तरुण राजपुत्राला लढाईत मदत केली. त्याचं नाव ली शिमिन. त्याने आभाराचं पत्र पाठवलं. 728 मध्ये ते पत्र दगडावर कोरलं गेलं, आणि त्यात त्याची स्वतःच्या हातची सही, 'शिमिन' ही दोन अक्षरं, जशीच्या तशी उतरवली गेली.

हाच पुढे तांग घराण्याचा सम्राट ताईझोंग झाला. त्याला सुलेखनाचं वेड होतं. यू शिनान या थोर सुलेखनकाराचं वळण तो गिरवत असे. सगळं जमे, एक रेघ जमत नसे. कुठली? शस्त्राची. तीच तिरकी उतरून शेवटी वर उसळणारी. तिला सुलेखनात आजही त्या शस्त्राच्याच नावाने ओळखतात. एक जुनी आख्यायिका आहे. सम्राटाने एकदा एक अक्षर लिहिलं, त्यातली शस्त्राची बाजू कोरी ठेवली आणि ती यू शिनानकडून भरून घेतली. मग ते मंत्री वेई झेंगला दाखवलं. मंत्री अक्षराकडे पाहत राहिला आणि म्हणाला, यातलं शस्त्र तेवढं गुरूच्या हातासारखं आलंय.

रणांगणात शस्त्र चालवणारा माणूस, आणि कागदावर तेच शस्त्र त्याच्या हातात येईना. या रेघेत वेग लागतो, पण मध्येच मनगट सैल पडलं तर ती लुळी होते. शेवटच्या उसळीपर्यंत जोर राखून ठेवावा लागतो. ठोसा मारणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

[दृश्य: तलवारीचं नृत्य. लाल गोंडा हवेत वळण घेतो. त्याच वळणावर शाईची रेघ उमटते.]

वांग शीझी हा चौथ्या शतकातला, सुलेखनाच्या परंपरेत सर्वश्रेष्ठ मानला गेलेला. त्याच्या नावावर सांगितलं जाणारं एक टिपण आहे. कागद म्हणजे रणव्यूह. कुंचला म्हणजे शस्त्र. शाई म्हणजे चिलखत. पाण्याची दौत म्हणजे खंदकासह किल्ला. आणि मनातला हेतू म्हणजे सेनापती.

तांग काळात झांग शू नावाचा सुलेखनकार होऊन गेला. त्याचं धावतं लिखाण असं की एक अक्षर कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते कळू नये. कवी दू फू याने 767 मध्ये एका कवितेच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे, की झांग शूने गोंगसुन नावाच्या नर्तकीचं तलवारनृत्य वारंवार पाहिलं आणि तिथून त्याचं धावतं अक्षर बहरलं. अक्षर सुधारायला तो तलवार पाहायला गेला.

[दृश्य: कागदावर एक नवं अक्षर. रेघ थांबत थांबत उमटते.]

आणि आता हे अक्षर : 'युंग'. अर्थ चिरंतन, लांबवर जाणारं. जुन्या रूपात ते फाटे फुटत वाहणाऱ्या पाण्याचं चित्र होतं. सुलेखन शिकणारा मुलगा हे अक्षर शेकडो वेळा गिरवतो, कारण मुख्य आठही प्रकारच्या रेघा या एकाच अक्षरात भेटतात. आणि त्या आठ रेघांची पारंपरिक नावं ऐका. ठिपका म्हणजे 'कलणे'. आडवी रेघ म्हणजे 'लगाम खेचणे'. उभी रेघ म्हणजे 'धनुष्ययंत्र', ताणलेलं. खालचा आकडा म्हणजे 'उडी'. वर चढणारी छोटी रेघ म्हणजे 'चाबूक'. लांब डावी म्हणजे 'निसटता स्पर्श'. आखूड डावी म्हणजे 'चोच मारणे'. आणि शेवटची, उजवीकडे पसरत जाणारी, तिचं नाव 'चिरफाड'.

ही यादी कुणी डोळे मिटून ऐकली, तर त्याला वाटेल युद्धकलेचे डाव चालले आहेत.

आता गंमत पाहा. फुजियान प्रांतात एक तालुका आहे. मँडरिनमध्ये 'युंगचुन', म्हणजे चिरंतन वसंत. तिथली पांढऱ्या बगळ्याची शैली प्रसिद्ध आहे. आणि दक्षिणेत, फोशान आणि हाँगकाँगमध्ये वाढलेली दुसरी शैली आहे, जी आपण विंग चुन म्हणून ओळखतो. मँडरिनमध्ये तिचा उच्चारही युंगचुनच. लिहिताना फरक एवढाच, की 'युंग'च्या डाव्या बाजूला आणखी एक खूण येते. तोंडाची, बोलण्याची. बोलणं आणि लांबवर जाणारं पाणी मिळून 'गाणं'. चीनचं एक फार जुनं वचन आहे : गाणं म्हणजे लांबवलेला शब्द. आलाप घेणाऱ्याला हे लगेच पटेल. म्हणून विंग चुन म्हणजे वसंताचं गाणं. या दोन शैलींचं नातं किती जवळचं, यावर अभ्यासकांत वाद आहेत. कागदावर मात्र त्यांच्यात फक्त तोंडाएवढं अंतर आहे.

विंग चुन शिकवणाऱ्या इप मान यांच्या शैलीच्या नावात हेच गाणारं अक्षर होतं. त्यांचा शिष्य ब्रूस ली. त्याने 1967 मध्ये स्वतःच्या पद्धतीला नाव दिलं जीत कुन डो, म्हणजे वाटेत अडवणाऱ्या मुठीचा मार्ग. त्यातलं 'अडवणे' हे अक्षर काढून पाहा. उजवीकडे पुन्हा तेच जुनं शस्त्र उभं आहे.

[दृश्य: कौलारू घराचं आतलं छप्पर. कॅमेरा वर जातो, मधल्या वाशापाशी थांबतो.]

हनानमधलंच चेनजियागौ. मक्याच्या शेतांमधलं खेडं. ताईचीच्वान या युद्धकलेचा उगम इथल्या चेन घराण्यात, सतराव्या शतकात. नाव मात्र नंतरचं.

'च्वान' म्हणजे मूठ. खाली हात, वर गुंडाळण्याशी नातं असलेला भाग. गुंडाळलेला हात.

'ताई' म्हणजे अतिशय थोर. दोन्ही हात पसरून उभा माणूस, आणि खाली एक ठिपका.

आणि 'ची'. इथे गोंधळ होतो. श्वासाची, ऊर्जेची 'ची' ही नव्हे. ते अक्षर निराळं, उच्चारही निराळा. इथल्या 'ची'च्या डाव्या बाजूला झाड आहे, लाकूड. शू शेनच्या कोशात तिचा अर्थ दिला आहे घराच्या छपराचं मधलं तुळवट. मराठीत त्याला अचूक शब्द आहे : आढं. ज्यावर दोन्हीकडचे वासे येऊन टेकतात. आढ्याच्या एका अंगाला ऊन, दुसऱ्या अंगाला सावली. यिन आणि यांग ही अक्षरंसुद्धा मुळात डोंगराच्या सावलीच्या आणि उन्हाच्या बाजूंचीच. 'ताईची'चं 'सर्वोच्च अंतिम सत्य' असं भाषांतर वाचलं की माझ्या हाती काही लागत नाही. 'थोरलं आढं' म्हटलं की पाठीचा कणा आपोआप सरळ होतो.

शिंगयी या युद्धशैलीच्या नावातलं 'यी' म्हणजे हेतू. वर आवाज, खाली हृदय. त्या जुन्या टिपणातला सेनापती तो हाच. बाग्वाझांग या दुसऱ्या शैलीतलं 'झांग' म्हणजे तळहात. आणि 'वूशू'मधल्या 'शू'च्या पारंपरिक रूपात चक्क रस्ता आहे, दोन्ही बाजूंनी. नव्या सुटसुटीत लिपीत तो गेला. सुलेखनकार बहुतेक करून जुनंच रूप लिहितात.

राहता राहिला कुंग फू. या दोन अक्षरांत ना शस्त्र आहे, ना मूठ. पहिल्यात अवजार आणि बळ. दुसऱ्यात केसांत काटा खोवलेला जाणता पुरुष. अर्थ : एखाद्या कामात घातलेला वेळ आणि कष्ट, आणि त्यातून आलेली सफाई. चहा नीट गाळण्यालाही चीनमध्ये कुंग फू म्हणतात. उत्तम अक्षर काढण्यालाही. आपले पैलवान तालमीत व्यायामाला 'मेहनत' म्हणतात ना? 'आज मेहनत केली का?' कुंग फूला याहून जवळचा शब्द मला सापडलेला नाही.

[दृश्य: पहाट. बीजिंगमधली बाग. मागे काही वृद्ध माणसं संथपणे ताईची करत आहेत.]

एका आजोबांच्या हातात काठीएवढा लांब कुंचला आहे, टोकाला स्पंज. शाई नाही, बादलीतलं पाणी. ते फरशीवर लिहितात. अशी माणसं चीनच्या बागांमध्ये रोज दिसतात.

आजचं अक्षर 'वू'. वर दोन आडव्या रेघा. मग खालचं पाऊल, चार रेघांचं. ते लिहिताना आजोबा स्वतः एक पाऊल मागे सरकतात, लांब कुंचल्याला जागा लागते म्हणून. मग शस्त्र. डावीकडून उजवीकडे, खाली, खाली, आणि कमरेतून वळून वर उसळी.

शेवटी ठिपका. तोवर वरची पहिली रेघ वाळू लागलेली असते. ते कुंचला बादलीत बुडवतात आणि पुढच्या फरशीवर जातात.

[काळा पडदा.]