खांद्यावरचे गळू

श्रोतेहो, मृग तोंडावर आला आहे आणि गावात बियाण्याशिवाय दुसरा विषय नाही. अशा दिवसांत वाचनालयाने मला एका इंग्रजी चित्रपटावर बोलायला बोलावले, तेव्हा मी मुद्दाम १९८९ सालचा, ब्रूस रॉबिन्सन यांनी लिहून दिग्दर्शित केलेला ‘हाऊ टू गेट अहेड इन ॲडव्हर्टायझिंग’ निवडला. ‘गेट अहेड’ म्हणजे पुढे जाणे. पण तोच शब्द तोडून वाचला, तर ‘एक डोके मिळवणे’ असाही अर्थ निघतो, आणि चित्रपटाची सगळी कथा या श्लेषात आहे.

बॅगली हा लंडनमधला जाहिराती लिहिणारा हुशार माणूस. माणसाच्या मनातली अपराधीपणाची भावना हेरून तिच्यावर माल कसा खपवावा, हे तो सहकाऱ्यांना शिकवतो. पुढे मुरुमांवरच्या एका मलमाची जाहिरात त्याला काही केल्या सुचत नाही, आणि त्या कोंडीत त्याला आपल्या धंद्याचीच शिसारी येते. जाहिरातींनी घरात आणलेली एकेक वस्तू तो बाहेर काढू लागतो. नेमक्या त्याच वेळी त्याच्या खांद्यावर एक गळू उठते. त्या गळवाला तोंड फुटते आणि ते बोलू लागते. ते बोलते ती भाषा बॅगलीने आयुष्यभर विकलेली, गोड आणि निर्लज्ज. घरच्यांना वाटते की हा आवाज त्याचाच आहे. शेवटी ते गळू वाढत वाढत डोके होते, मूळचे डोके सुकून गळवाएवढे उरते, आणि नवा, मिशीवाला बॅगली पुन्हा कामाला लागतो.

रिचर्ड ई. ग्रँट यांनी ही भूमिका जीव ओतून केली आहे, पण चित्रपट सलग चांगला नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पहिल्या भागातली धार पुढे बोथट होते. लेखकाचा संताप खरा असला तरी तो दृश्यांत मुरत नाही, लांबलचक भाषणांतून बाहेर पडतो. मला याहून मोठा दोष वाटतो तो असा की, ज्या माणसांवर जाहिरातीची सत्ता चालते ती माणसेच यात जवळपास दिसत नाहीत. मलम घेणारी मुलगी कोण, ते घेताना तिच्या मनात काय होते, हे विचारायला दिग्दर्शक थांबत नाही. आपल्याकडचा कोणीही हा चित्रपट पाहताना तिथेच अडखळेल, कारण आपण घेणाऱ्यांच्या बाजूला बसलेलो आहोत. मलम फसले तर डबी वाया जाते. बियाणे फसले तर कर्ज काढून उभा केलेला हंगाम जातो.

तरीही गळवाची कल्पना मला सोडत नाही. गळू बाहेरून येऊन चिकटत नाही, ते आपल्याच रक्तावर वाढते. आपल्या भिंतींवरच्या आणि कृषी केंद्रातल्या पत्रकांवरच्या जाहिराती आठवून पाहा: बोंडांनी लदलेल्या पऱ्हाटीजवळ उभा असलेला माणूस आपल्यासारखाच असतो, आपल्यासारखाच फेटा किंवा टोपी घालतो, आणि एकरी किती क्विंटल झाले ते आपल्याच बोलीत सांगतो. शेजाऱ्याच्या तोंडून आलेला शब्द आपण विक्रेत्याचा मानत नाही. बॅगलीच्या घरच्यांची जशी गफलत होते, तशीच ही आहे.

याचे आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण नोंदलेले आहे. बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या कपाशीला, देशात २००२ साली परवानगी मिळाली. २००८ साली एका मोठ्या इंग्रजी दैनिकाने यवतमाळ जिल्ह्यातील भांबराजा आणि अंतरगाव या गावांचा वृत्तांत छापला. या बियाण्याने तिथे भरभराट आणली आणि तिथे एकही आत्महत्या झाली नाही, असा त्याचा आशय होता. तोच मजकूर २०११ साली पुन्हा छापला गेला, आणि या वेळी तो जाहिरात म्हणून होता. २०१२ च्या मार्चमध्ये संसदेची कृषीविषयक स्थायी समिती भांबराजात आली, तेव्हा आमच्या गावात चौदा आत्महत्या झाल्या आहेत, असे गावकऱ्यांनी सदस्यांना तोंडावर सांगितले. पत्रकार पी. साईनाथ यांनी हा सगळा प्रकार त्याच वर्षी लिहून काढला.

ज्या गावाच्या नावाने दुसऱ्या गावांना आशा विकली गेली, त्या गावाला आपल्या नावाने कोण बोलते आहे हे कळायला किती उशीर झाला, याचा विचार मला अस्वस्थ करतो. रॉबिन्सन यांच्या चित्रपटात असे गाव नाही. मात्र समितीपुढे उभे राहून ‘हे आमचे बोलणे नाही’ असे सांगणारी माणसे भांबराजात होती, आणि बॅगलीच्या मूळच्या डोक्याला जे शेवटपर्यंत जमले नाही, ते त्यांनी केले.