घर पाण्यावर, वही मांडीवर

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, आणि पलीकडं चंदगड-गडहिंग्लजकडं कोण ऐकत असाल तर तुम्हाला पण नमस्कार. आज मी लिहिण्याबद्दल बोलणार आहे, पण ते निवांत लिहिणं नव्हे, घरात पोरं लहान आहेत, महिनाअखेर आली की हिशेब जुळत नाही, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यात, आणि तरी पण डोक्यात एक गोष्ट घोळतेय आणि ती कागदावर उतरवल्याशिवाय चैन पडत नाही, अशा माणसाच्या लिहिण्याबद्दल. माझं वडगावात ब्लाऊज शिवायचं आणि फॉल-पिकोचं काम आहे आणि मी कथा लिहिते. मशीन आणि वही एकाच टेबलावर असतात. त्यामुळं हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे.

सुरुवात मात्र मी लांबून करते, लंडनमधनं. पेनेलोपी फिट्झजेराल्ड नावाची एक इंग्रज लेखिका होती, जन्म 1916 चा. ऑक्सफर्डला शिकलेली हुशार बाई, लढाईच्या दिवसात बीबीसीत नोकरी केलेली, मग लग्न, तीन मुलं. नवरा वकील होता पण त्याचं काही नीट बसलं नाही आणि पैशाची इतकी तंगी झाली की 1960 च्या सुमाराला हे सगळं कुटुंब थेम्स नदीवरच्या एका जुन्या बार्जवर राहायला गेलं. बार्ज म्हणजे माल वाहायची मोठी सपाट बुडाची बोट. तिचं नाव ग्रेस. आता थेम्सला लंडनपर्यंत समुद्राची भरती-ओहोटी लागते, दिवसातनं दोनदा पाणी चढतं आणि दोनदा उतरतं, म्हणजे भरतीला घर तरंगणार आणि ओहोटीला तेच घर चिखलात बसणार, आणि त्यात बोट जुनी, गळकी. अशा ठिकाणी तीन पोरांचं जेवणखाण, कपडे वाळवणं, शाळेची तयारी, आणि वर स्वतः शाळेत शिकवायला जायचं कारण घर तिच्या पगारावर चाललेलं. शेवटी 1963 मध्ये ती बोट बुडाली. माणसं वाचली पण घरातलं बरंचसं सामान, कागदपत्रं, सगळं पाण्यात गेलं. त्यानंतर काही महिने बेघरांच्या निवाऱ्यात काढले आणि मग सरकारी फ्लॅट मिळाला.

हे सगळं सांगण्याचं कारण हे की या बाईचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा ती 58 वर्षांची होती. 1975 साली. आणि त्यानंतर चारच वर्षांनी, 1979 ला, तिला बुकर प्राइज मिळालं, ते कशाबद्दल, तर 'ऑफशोअर' नावाच्या छोट्याशा कादंबरीबद्दल, जिच्यात थेम्सवरच्या बार्जवर राहणारी माणसं आहेत, दोन मुलींना घेऊन बोटीवर राहणारी एक आई आहे, आणि ओहोटीचा तो चिखल आहे. शिकवत असताना मोकळ्या तासाला गजबजलेल्या स्टाफरूममध्ये बसून ती लिहायची.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्याच विचारात होते. लोक म्हणतील की बघा, बिचारीची मधली वर्षं वाया गेली. मला तसं अजिबात वाटत नाही. ओहोटीला बोट कशी कलते, पोरांच्या बुटांना कुठला चिखल लागतो, शेजारच्या बोटीतला माणूस काय बोलतो, हे तिला कुठल्या लायब्ररीत मिळणार होतं? ती वर्षं तिच्या आत राहिली, साठली, आणि मग बाहेर आली.

आणि आपल्याला पाण्यावरचं घर म्हणजे काय ते काही फार परकं नाही ओ. माझं माहेर दूधगंगेच्या काठाला आहे. पावसाळ्यात कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, कल्लोळ-यडूर असले खालच्या पातळीचे पूल पाण्याखाली गेले की आमच्याकडं रस्ता बंद, शाळा बंद, आणि नदी कुठंपर्यंत आली ते बघायला घरातली पुरुष माणसं रात्री बॅटऱ्या घेऊन जाणार. 2019 च्या ऑगस्टमधला महापूर तर सगळ्यांनाच आठवतो, कृष्णा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्या एकदम. माझ्या आईकडं एक जुनी वही होती, जात्यावरच्या ओव्या, डोहाळ्याची गाणी, कुणाच्या लग्नात काय आहेर आला, मधीच एखाद्या दिवसाच्या चार ओळी, असं सगळं तिच्या हातचं. पाणी सोप्यात शिरलं तेव्हा धान्य माळ्यावर चढवलं, जनावरं हलवली, भांडी हलवली, पण वही देव्हाऱ्याखालच्या फळीवरच राहिली. ती नंतर सापडली पण शाई सगळी पसरलेली. आईला त्याचं काय वाटलं ते ती बोलली नाही, पण तिनं ती वही टाकली नाही, उन्हात वाळवून परत त्याच फळीवर ठेवलीय, आणि आता मी गेले की ती एकेक ओवी आठवून सांगते आणि मी लिहून घेते. काही ओव्या ती म्हणताना थांबते, पुढचा चरण येत नाही. तेव्हा शेजारच्या आक्कांना हाक मारतो, त्यांना कधी कधी येतो.

म्हणून मी लिहिणाऱ्या सगळ्यांना पहिलं हेच सांगते की लिहिलेल्या पानाचा फोटो काढून ठेवा. वही भरली की फोनवर फोटो, आणि तो फोटो बहिणीला नाहीतर मैत्रिणीला वॉट्सअॅपवर पाठवून द्या, म्हणजे दोन घरात राहील.

आता आपल्या बेळगावची गोष्ट, जिच्यामुळं मला खरं बळ आलं. कवयित्री इंदिरा संत. निपाणीजवळच्या तवंदीशी ज्यांचं बालपण जोडलेलं, त्या इंदिराबाई. त्यांचे पती, ना. मा. संत, स्वतः कवी होते, दोघांचा मिळून कवितासंग्रह पण निघाला होता, आणि 1946 मध्ये ते अचानक गेले. बाई तेव्हा तिशीत होत्या आणि मुलं लहान. मग बेळगावात शिक्षिकेची नोकरी, पुढं ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य, मुलांची शिक्षणं, घर, सगळं एकट्या बाईनं पेललं, आणि या सगळ्यात कविता थांबली नाही. 1951 ला 'शेला', मग 'मेंदी', 'मृगजळ', 'रंगबावरी', असे संग्रह येत राहिले आणि 1984 साली 'गर्भरेशीम'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या कवितेत मोगरा आहे, पाऊस आहे, दार आहे, दिवेलागण आहे, म्हणजे बाईच्या घराच्या आसपास जे असतं तेच, आणि त्यातनंच त्यांनी आपलं सगळं दुःख सांगितलं.

आणखीन एक गोष्ट. त्यांचा मुलगा प्रकाश नारायण संत, ज्यांनी लंपनच्या कथा लिहिल्या, आपल्या भागातल्या पोराच्या बोलण्यातनं सगळं जग दाखवलं, त्यांची पुस्तकं सुद्धा पन्नाशी उलटल्यावर आली. कवितेच्या घरातला पोरगा. मला नेहमी वाटतं की आई लिहिते हे बघत वाढणं ही पोराला मिळालेली मोठी गोष्ट आहे. आपण उगीच मनात धरतो की मी लिहायला बसले म्हणजे पोरांचा टाइम चोरला. तसं नसतं हो. पोरं बघतात. माझी धाकटी तिच्या पाटीवर रेघोट्या मारते आणि म्हणते मी पण कथा लिहालीय.

या दोघी बायका जवळजवळ एकाच वयाच्या, इंदिराबाई 1914 च्या, पेनेलोपीबाई 1916 च्या, आणि दोघीही 2000 सालीच गेल्या. दोघींनी शिकवून घर चालवलं. एकीनं त्या धकाधकीतच छोट्या छोट्या कविता लिहिल्या आणि दुसरीनं वर्षानुवर्षं मनात धरून ठेवलं. मला वाटतं आपल्याला दोन्ही रस्ते मोकळे आहेत, पण एक गोष्ट मी ठामपणे सांगते, पोरं मोठी झाली की मग लिही, हा जो सल्ला सगळे देतात ना, तो मला पटत नाही. पुस्तक नंतर येऊ दे, पण टिपण आजच पाहिजे. पाच वर्षांचं पोरगं जे बोलतं, जसं बोलतं, ते ते सात वर्षांचं झालं की विसरून जातं आणि आपण पण विसरतो. माझा थोरला लहान असताना पावसाचं पाणी नळीतनं कसं पडतं त्याचं जे वर्णन करायचा ते मी त्या दिवशी ब्लाऊजच्या पेपर कटिंगच्या मागं लिहून ठेवलं होतं म्हणून आज माझ्याकडं आहे, आणि माझ्या एका कथेतलं पोरगं तसंच बोलतं.

माझ्या लिहिण्याला वेळ मिळतो तो असाच तुकड्या-तुकड्यानं. गिऱ्हाईक माप देऊन गेलं आणि दुसरं यायचंय, तेवढ्यात चार ओळी. चपात्या लाटताना फोनवर बोलून रेकॉर्ड करते. आता फोनमधलं ते बोललेलं टाइप होतं ना, ते मी वापरून बघितलं, पण आपलं बेळगावी बोलणं त्याला नीट पकडता येत नाही, करालाय, म्हणजे करतोय, असं म्हटलं की भलतंच कायतरी उमटतं, म्हणून मी नुसता आवाज ठेवते आणि रात्री ऐकून हातानं उतरवते. त्याचा फायदा असा झाला की माझी पात्रं कशी बोलतात ते मला परत कानानं ऐकायला मिळतं, आणि तिथंच कळतं की हे वाक्य पुस्तकी झालंय, आमच्या गल्लीतली बाई असं बोलणार नाही. आणि वेळ तुकड्याचा असेल तर लिहिण्याचा प्रकार पण तसा धरावा. मी कादंबरीच्या नादाला अजून लागलेले नाही. एक प्रसंग, दोन माणसं, एक दुपार, एवढं मला माझ्या दिवसात पेलतं.

घरच्यांपासून लपवून लिहू नका, एवढी एक विनंती आहे. सुरुवातीला मला पण संकोच वाटायचा. आमच्या सासूबाई एकदा विचारल्या, काय लिहालीस गं एवढं रोज? मग मी वाचून दाखवलं. मागाची गोष्ट होती, आमच्या वडगाव-शहापुरात पूर्वी घराघरात माग, साड्या विणायच्या. सासूबाई ऐकून म्हणाल्या, असं नव्हतं, आणि मग पुढं अर्धा तास त्या सांगत बसल्या, कांडी कशी भरायची, ताणा तुटला की घरात कसा आरडाओरडा व्हायचा, सणाच्या आधी रात्रीचा माग कसा चालायचा, सावकाराकडनं रेशीम आणायला कोण जायचं, आणि लहान पोराला मागाच्या खड्ड्याशेजारीच झोळी बांधून झोपवायचे आणि त्या खटखट आवाजातच ते झोपायचं, माग थांबला की उठायचं. हे मला कुणी सांगितलं असतं? आता कथेला पहिली ऐकणारी त्याच. मध्ये मध्ये कानडीत सांगतात, ते मी तसंच ठेवते, आपल्याकडं घरं तशीच बोलतात. आणि त्या ऐकायला बसल्या की पोरं पण गप बसतात, हा वेगळाच फायदा. रविवारी सकाळी मालक पोरांना घेऊन शेताकडं जातात, दोन तास मला सोडतात, आणि ते दोन तास मी शिलाईला हात लावत नाही. गिऱ्हाइकांना पण सांगून ठेवलंय. आधी थोडं बोलले लोक, आता रविवारी सकाळी कोण येत नाही.

लिहिलेलं न्यायचं कुठं, हा प्रश्न मला बायका फार विचारतात. आपला भाग याबाबतीत श्रीमंत आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, कारदगा, अशा गावागावात मराठी साहित्य संमेलनं भरतात, गावातली माणसं वर्गणी काढून करतात, ग्रंथदिंडी निघते, आणि अख्खं गाव कथाकथन ऐकायला मांडवात बसतं. मोठ्या शहरात सुद्धा असा श्रोता मिळत नाही. तिथं पुढं बसून ऐका, आणि नवोदितांना वाचायला संधी असेल तर आयोजकांना आधीच भेटून नाव द्या. बेळगावात सार्वजनिक वाचनालय आहे, 1848 पासूनचं, तिथं दिवाळी अंक चाळायला मिळतात, म्हणजे कुठल्या अंकात कसली कथा येते त्याचा अंदाज येतो आणि मग तुमची कथा कुठं शोभेल ते तुम्हीच ठरवू शकता. दिवाळी अंकाला पाठवायचं तर दिवाळीची वाट बघू नका, उन्हाळ्यातच कथा तयार ठेवा कारण संपादकांचं काम पावसाळ्यात चालू झालेलं असतं. पोरांच्या परीक्षा संपल्या आणि शाळा उघडायच्या आधी जे दिवस मिळतात, लग्नसराईची शिलाई सांभाळून, त्या दिवसात मी कथा पक्की करते. हातानं लिहून पाठवणार असाल तर पानाच्या एकाच बाजूला लिहा, समास सोडा, शेवटच्या पानावर नाव-पत्ता आणि फोन नंबर, आणि पोस्टात टाकायच्या आधी झेरॉक्स काढून घरात ठेवा. साभार परत आली तर तीच कथा सासूबाईंना, शेजारणीला, नवऱ्याला परत एकदा मोठ्यानं वाचून दाखवा, जिथं ऐकणारं माणूस दुसरीकडं बघायला लागतं तिथं पेन्सिलनं खूण करा, तेवढी जागा दुरुस्त करा, आणि दुसऱ्या अंकाकडं पाठवा.