पेट्रोल नेमकं कुठे अडतं?

(चढाचा रस्ता. जुनी, कार्बोरेटरवाली गाडी. इंजिनाचा आवाज जड होत जातो.)

सपाट रस्त्यावर ही गाडी बोट ठेवायला जागा देत नाही. सकाळी चोक ओढला की पहिल्या सेल्फला स्टार्ट, आयडलिंग स्थिर, गर्दीत कितीही रेंगाळली तरी कुरकुर नाही. लांबचा चढ लागला आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला, की मात्र थोड्या वेळाने पिकअप मरतो. गाडी झटके खाते, आचके देते आणि बंद पडते. बाजूला घेऊन दहा-पंधरा मिनिटं थांबा. पुन्हा स्टार्ट, जणू काही झालंच नव्हतं.

गाडीत आजवर बरंच काही बदलून झालंय. प्लग नवे, ठिणगीचा करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट नवे, इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप नवा. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर तर इतक्यांदा खोललाय की त्याच्या स्क्रूंच्या खाचा झिजल्यात. दर वेळी गॅरेजच्या दारातून गाडी ठणठणीत निघाली, कारण गॅरेजच्या दारात चढ नसतो.

पहिला प्रश्न असा, की दोष पेट्रोलचा की करंटचा? प्लगच्या ठिणगीसाठी करंट तयार करणारी कॉइल किंवा तिच्या जोडीचा कंडेन्सरही गरम झाला की गाडी असाच बंद पाडतो आणि थंड झाल्यावर शहाण्यासारखा वागतो. पण बंद पडण्याची तऱ्हा सहसा वेगळी असते. करंट गेला तर इंजिन बहुधा एकदम मरतं. पेट्रोल कमी पडलं तर ते आधी अडखळतं, जरा सावरतं, पुन्हा अडखळतं. पाय थोडा उचलला तर मिनिटभर बरंही चालतं. ही गाडी दुसऱ्या जातीची.

खात्री करायची तर गाडी बंद पडल्या जागीच बॉनेट उघडायचं. एअर फिल्टरचं झाकण काढून कार्बोरेटरच्या घशात डोकवायचं आणि हाताने थ्रॉटल, म्हणजे पायाखालच्या पेडलने उघडणारी झडप, झटकन उघडायचा. आतल्या छोट्या नळीतून पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला हवी. ती उडवणारा अ‍ॅक्सिलरेटर पंप कार्बोरेटरमध्येच असतो आणि फ्लोटच्या भांड्यातलं पेट्रोल ओढतो. (फ्लोट म्हणजे भांड्यातली पेट्रोलची पातळी सांभाळणारा तरंगता तुकडा.)

(क्लोज-अप. थ्रॉटल उघडतो. नळीच्या टोकाशी एक थेंब येतो, बस्स.)

भांडं रिकामं आहे. म्हणजे कार्बोरेटर उपाशी आहे, आणि उपाशी असलेल्याला पुन्हा पुन्हा आंघोळ घालून काय होणार?

या भांड्याचा हिशेब बघण्यासारखा आहे. समजा, त्यात ५० मिलिलिटर पेट्रोल मावतं. चढावर इंजिन तासाला १० लिटरच्या गतीने पीत असेल, तर सेकंदाला जवळजवळ ३ मिलिलिटर लागतात. मागून येणारा पुरवठा पूर्ण थांबला तर भांडं १८ सेकंदांत कोरडं. तेच इंजिन आयडलिंगला तासाला लिटरभरही पीत नाही, तेवढ्याच पेट्रोलवर ते तीन मिनिटं सहज काढेल. म्हणून अर्धवट तुंबलेली लाइन सपाटीवर आणि गॅरेजमध्ये कधीच पकडली जात नाही. तिथे गाडीची भूकच कमी असते.

आता पंप. जुन्या गाड्यांत तो इंजिनाच्या कुशीला बसवलेला असतो. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या कॅमशाफ्टवरचा उंचवटा त्याचा दांडा हलवतो, आतला डायफ्राम, म्हणजे लवचीक पडदा, वरखाली होतो, एका बाजूने पेट्रोल ओढतो आणि दुसऱ्या बाजूने ढकलतो. ढकलण्याचं प्रेशर जेमतेम ३ ते ५ पीएसआय. त्याची नेहमीची परीक्षा बाटलीत घेतात. कॉइलची वायर काढून ठिणगी बंद करायची, पंपाकडून कार्बोरेटरला जाणारा पाइप सोडून लांब ठेवलेल्या बाटलीत घालायचा आणि सेल्फ मारायचा. दमदार पिचकाऱ्या आल्या की पंप चांगला.

या गाडीच्या पिचकाऱ्या झकास येतात. आणि नेमके इथेच सगळे फसलेत. सेल्फवर इंजिन इतकं हळू फिरतं, की पंपाला मागून फारसं ओढावंच लागत नाही. बाटली खोटं बोलत नाही, पण तिला विचारलेला प्रश्न अपुरा आहे. चढावर काय होतं, ते चढावरच मोजायला हवं.

(काचेबाहेर वायपरच्या पात्याशी चिकटपट्टीने बांधलेला गोल गेज. मागे सरकणारा रस्ता.)

हा व्हॅक्युम गेज, ओढ मोजणारा. टाकीकडून पंपात येणाऱ्या पाइपाला टी आकाराचा जोड बसवून त्याची नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढलीय. गेज काचेच्या बाहेर आहे, कारण पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणणं हा निव्वळ आगाऊपणा. काटा दाखवतो, की पंपाला पेट्रोल ओढायला किती जोर लावावा लागतोय. बघत बसायचं काम शेजारी बसलेल्याचं, चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावरच.

सपाटीवर काटा शून्याच्या जवळपास. चढ सुरू होतो, काटा थोडा वर. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकलाय, आणि काटा आता थांबायचं नाव घेत नाही. हळूहळू वर, आणखी वर. पहिला झटका बसतो तेव्हा तो आतापर्यंतच्या सगळ्यात वरच्या आकड्यावर असतो.

पंप दमला असता तर काटा चढलाच नसता. पाइपाला भोक पडून हवा ओढली जात असती, तरी तो इतका चढला नसता. पंपाच्या पुढचा फिल्टर किंवा कार्बोरेटरच्या भांड्यात पेट्रोल सोडणारा नीडल व्हॉल्व्ह तुंबला असता, तर पंपाची ओढ उलट कमी झाली असती. काटा चढतोय याचा अर्थ पंप जीव तोडून ओढतोय आणि मागून कोणीतरी वाट अडवलीय. संशय आता टाकी ते पंप एवढ्याच भागावर.

त्यात पहिला पत्ता टाकीच्या झाकणाचा. पेट्रोल कमी होतं तशी टाकीत हवा शिरायला हवी. झाकणाचं किंवा टाकीचं श्वासछिद्र बुजलं तर आत निर्वात पोकळी तयार होते आणि लक्षणं हुबेहूब अशीच दिसतात. ही शंका फिटायला पैसा लागत नाही. गाडी बंद पडताच झाकण उघडा. सुस्कारा टाकल्यासारखी हवा आत गेली, तर चोर सापडला. इथे काहीच आवाज नाही.

मग पंपाशी पाइप सोडून, टाकीचं झाकण उघडं ठेवून, पायपंपाने हळूच उलटी हवा सोडली. टाकीत बुडबुडे वाजले, आणि गाडी तोच चढ निमूटपणे चढली. अनेक जण इथेच हात धुतात. पण काही दिवसांनी दुखणं परत आलं. रबरी पाइप आतून फुगला असता, तर फुंकर मारून तो बरा झाला नसता. हवेने मागे सरकतं आणि पुन्हा येऊन बसतं, असं काहीतरी टाकीत आहे.

मोरीत पाणी ओढ घेत असलं की पान जाळीला चिकटतं. ओढ थांबली की सुटतं. टाकीच्या तळाशी नळीच्या तोंडावर अशीच एक जाळी असते. चढावरची दहा-पंधरा मिनिटांची विश्रांती कशाला लागत होती, ते आता कळतं.

(गाडी मोकळ्या हवेत. बॅटरी काढून बाजूला ठेवलेली.)

टाकी उघडण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. पेट्रोल उणे ४० अंशांनाही पेट घेण्याजोगी वाफ सोडतं. ही वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात आणि फरशीलगत साचते. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के झालं, की एक ठिणगी पुरते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण हे मिश्रण तिच्या पोटात तयारच असतं. तिला वेल्डिंग करायची कल्पना कोणी मांडली, तर टाकी उचलून तिथून निघावं.

पेट्रोल काढून झालं. टाकीतल्या, पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या गेजच्या फ्लोटची लॉक-रिंग पितळी दांडीने ठोकून फिरवली. लोखंडावर लोखंड आपटायचं नाही. फ्लोटसोबत नळी वर येते, आणि तिच्या टोकाला ती जाळी.

(क्लोज-अप. बोटांच्या चिमटीत जाळी.)

जाळीची भोकं दिसतच नाहीत. वर तपकिरी चिखलाचा थर. चिमटीत चोळला तर रेशमासारखा मऊ लागतो, पण मध्येच खरखरतो. थोडा पांढऱ्या बशीत धुऊन घेतला आणि बशीखालून लोहचुंबक फिरवलं. लाल पापुद्रे चुंबकामागोमाग सरकू लागले, तो गंज. काही काळे तुकडे जागचे हलले नाहीत. ते दाबले तर चिरडतात. ते रबर.

दोन्हींची कथा जोडलेली आहे. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची अर्धी रिकामी टाकी दमट हवा आत घेते, पत्र्यावर आतून पाणी धरतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा शोषून घेतं. पाणी फार झालं तर दोन्ही मिळून वेगळे होऊन तळाशी बसतात. त्याच इथेनॉलने जुन्या प्रकारचं रबर फुगतं आणि आतून सुटू लागतं. म्हणून टाकी ते कार्बोरेटर सगळे रबरी पाइप बदलायचे, इथेनॉलला टिकणारे घ्यायचे. एखादाच पाइप बदलून भागत नाही.

टाकी धुतली, आत मूठभर नट टाकून खळखळवली, मग सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्याने रात्रभर भरून ठेवली. सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली आणि लगेच हवेने कोरडी केली. इथे चहाला जायचं नाही. नुकताच उघडा पडलेला पत्रा बघता बघता पुन्हा तांबडा होतो. आतून पातळ तेल फिरवलं की तो धोका टळतो. आतून रसायनाचा लेप देण्याची पद्धत आहे, पण ओलसर पत्र्यावर दिलेला लेप पुढे सोलवटतो आणि त्याचेच पापुद्रे नव्या जाळीवर येऊन बसतात. पत्रा जाळीदार झाला असेल तर सरळ दुसरी टाकी बसवलेली बरी.

(पुन्हा तोच चढ. काचेबाहेर गेज.)

अ‍ॅक्सिलरेटर तळाला. काटा किंचित उठतो आणि तिथेच राहतो. चढ संपतो.

काम मात्र संपलेलं नाही. पेट्रोल कमी पडतंय म्हणून मधल्या काळात कोणीतरी कार्बोरेटरमध्ये मोठा जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारं भोक, घातला होता, फ्लोटची पातळीही वर केली होती. आता पुरवठा पूर्ण आहे, त्यामुळे गाडी जास्त पिते, सायलेन्सरमधून काळा धूर काढते, प्लग काजळीने माखतात. जेट मूळ मापाचा, फ्लोट मॅन्युअलमधल्या पातळीवर, मग आयडलिंगचं सेटिंग. चढावरून परत आल्यावर काढलेला प्लग टोकाशी फिकट तपकिरी निघाला, तर मिश्रण जमलं.

पंपाच्या आधी एक नवा फिल्टर बसवलाय, अंगावरचा बाण पंपाकडे. धुतलेल्या टाकीतही कानाकोपऱ्यात थोडा गंज उरतोच, म्हणून पहिला फिल्टर काही आठवड्यांतच उघडून बघायचा. पुन्हा तांबडं दिसलं, तर टाकी परत खाली उतरवायची.