बर्फावर चढणारं जहाज

[दृश्य: मुर्मान्स्कचा धक्का, पहाट]

हे रशियातलं मुर्मान्स्क. ध्रुववृत्ताच्याही वर, पण खाडीत बर्फ दिसणार नाही. अटलांटिकचा उबदार प्रवाह इथवर पोचतो. धक्क्याला लागलेलं हे काळ्या अंगाचं, पांढऱ्या मजल्यांचं जहाज म्हणजे ‘लेनिन’. ५ डिसेंबर १९५७ रोजी लेनिनग्राडच्या गोदीत ते पाण्यात उतरलं आणि १९५९ मध्ये कामाला लागलं. अणुशक्तीवर चालणारं जगातलं पहिलं नागरी जहाज.

[दृश्य: जहाजाची नाळ, खालून वर]

ही नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, नीट पाहा. टोकदार नाही, तिरपी आहे. बर्फफोडं जहाज बर्फ कापत नाही, त्यावर चढतं. मग हजारो टनांचा भार खाली बसतो आणि थर मोडतो. ही युक्ती जुनीच. १८९९ मध्ये अ‍ॅडमिरल मकारोव्ह यांचं ‘येर्माक’ असंच चढायचं, पण कोळशावर. बर्फ जाड झाला की कोळसा जास्त, आणि कोळसा संपत आला की बंदराकडे परत.

[दृश्य: नियंत्रण कक्ष, तबकड्यांचे क्लोजअप]

अडचण होती ती ही. अणुभट्टीने ती सोडवली. भट्टीच्या उष्णतेने पाण्याची वाफ, वाफेने टर्बाइन, टर्बाइनने वीज, विजेवर मोटारी, मोटारींवर जहाज ढकलणारे तीन पंखे. ४४,००० अश्वशक्ती! आणि इंधन महिनोन्‌महिने पुरायचं. या तबकड्यांवरची रशियन अक्षरं आता पुसट झाली आहेत. काटे मात्र शून्यावर अगदी सरळ उभे आहेत. कुणीतरी अजूनही काच पुसतं.

[दृश्य: लाकडी तावदानांचं दालन, पियानो]

आणि हा पियानो. लोखंडी पोटातलं हे लाकडी दालन बघताना बाहेर काय गारठा असेल, हे क्षणभर विसरायला होतं. शस्त्रक्रियेची खोली होती, वाचनालय होतं. माणसं महिनोन्‌महिने इथेच राहायची.

१९६५ आणि १९६७ मध्ये ‘लेनिन’च्या भट्ट्यांचे अपघात झाले. जुन्या तीन अणुभट्ट्यांचा कप्पा नोवाया झेमल्या या उत्तरेकडच्या बेटांजवळ समुद्रात बुडवला गेला. १९७० मध्ये दोन नव्या भट्ट्या बसल्या आणि जहाज १९८९ पर्यंत चाललं.

[दृश्य: जुनं चित्रीकरण, बर्फाचं मैदान]

१७ ऑगस्ट १९७७. ‘आर्क्तिका’ हे अणुशक्तीवरचं बर्फफोडं जहाज उत्तर ध्रुवावर पोचलं. पाण्यावरून तिथं पोचलेलं हे पहिलं जहाज. ७५,००० अश्वशक्ती, कप्तान युरी कुचिएव्ह.

[दृश्य: नवं ‘आर्क्तिका’]

त्याच नावाचं हे दुसरं, २०२० मध्ये सेवेत आलेलं. १७३ मीटर लांब. जवळपास तीन मीटर जाडीचा बर्फ फोडण्यासाठी बांधलेलं. जुन्या ‘आर्क्तिका’च्या जातीची जहाजं मात्र दक्षिण ध्रुवाकडे फिरकत नाहीत. भट्ट्या थंड ठेवायला समुद्राचं पाणी गारच लागतं, आणि वाटेत विषुववृत्त आहे.

[दृश्य: ‘लेनिन’ची शिडी, शाळकरी मुलं वर चढताना. निवेदन नाही.]