पोदेराचा पों-पों आणि फाटकावरचा टायगर

पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, सायकलीचा पों-पों आवाज गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या या वाड्यावर येतो, तेव्हा टायगर आधीच फाटकाशी पोहोचलेला असतो. शेपटी ताठ, मानेवरचे केस उभे, अंगाचा सगळा भार पुढच्या पायांवर. तो भुंकत सुटतो, पोदेर पाव देऊन पुढच्या घराकडे निघून जातो. पोदेर तसाही जाणारच होता, हे टायगरला कळण्याचे कारण नाही. आपण भुंकलो म्हणून परका माणूस गेला, हाच धडा तो रोज गिरवतो. ज्याला आपण हट्टी म्हणतो, तो कुत्रा बहुधा असा चोख शिकलेला असतो.

घरच्यांनी आधी त्याला पशुवैद्यांना दाखवले आणि ते योग्यच झाले, कारण कान चिघळलेला किंवा सांधे दुखणारा कुत्राही जवळ येणाऱ्यावर असाच धावून जातो. आता पोदेराच्या वेळी टायगर लांब पट्ट्यावर मागच्या पडवीत असतो. तिथून पोदेर दिसत नाही, आवाज तेवढा ऐकू येतो. पों-पों झाले की लगेच उकडलेल्या कोंबडीचा तुकडा मिळतो आणि आवाज थांबला की तुकडेही थांबतात. आधी आवाज, मग कोंबडी, हा क्रम मोडून चालत नाही. तुकडा नाकाशी असूनही तो रस्त्याकडे टक लावून ताठ उभा राहिला, तर अंतर कमी पडते आहे असे समजून त्याला आणखी मागे न्यावे लागते. आवाज ऐकताच तो स्वतःहून घरच्यांकडे मान वळवू लागला, की मगच तुळशीवृंदावनाच्या दिशेने चार पावले.

गुरगुरला म्हणून काठी उगारणे मात्र सर्वांत घातक. गुरगुर ही चावण्यापूर्वीची सूचना असते. माराच्या धाकाने ती बंद पडली, तर भीती तशीच राहते आणि पुढचा चावा सूचनेशिवाय येतो. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये बक्षिसावर आधारित प्रशिक्षणाचीच शिफारस केली आहे, आक्रमक कुत्र्यांसाठीसुद्धा.

हे सारे सावकाश होते, तोवर माणसे सुरक्षित राहिली पाहिजेत. रेबीजची लस वेळेवर द्यावीच; शिवाय पाळलेल्या प्राण्यापासून कुणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घर पाहुण्यांनी भरते, तेव्हा टायगरला माटोळीखालच्या (गणपतीवर टांगलेल्या फळा-भाज्यांच्या सजावटीखालच्या) गर्दीत आणण्याचा आग्रह घरचे धरत नाहीत. फटाके सुरू होण्याआधीच त्याला फिरवून आणतात, मागच्या खोलीत चघळायचे रबरी खेळणे देऊन ठेवतात, दाराला कडी लावतात आणि पाहुण्यांच्या मुलांना त्या दाराशी न जाण्याविषयी बजावतात.